कुंकू लावले, खीळ पाहिली नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरूच्या रस्त्यांवरून चालताना पाय जपून टाकावे लागतात. आपल्याकडे ज्याला खंडेनवमी म्हणतात, ती इथली आयुधपूजा. बसला केळीचे खुंट बांधलेले असतात, रिक्षांना झेंडूच्या माळा असतात, चाकाखाली चिरडलेली लिंबे आणि जागोजागी फोडलेले, कुंकू भरलेले कोहळे. ज्या साधनाच्या जोरावर आपण वर्षभर पोट भरतो, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडायचे, हा भाव मला फार आवडतो.

दोन वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेला मीही एका गाडीची पूजा केली होती. तिच्या चारही चाकांच्या मधोमध असलेल्या नटांवर माझ्याच बोटाने कुंकवाचा टिळा लावला. त्यांपैकी एका नटात एक छोटीशी खीळ नव्हती. माझे बोट तिथवर पोहोचले, डोळे मात्र पोहोचले नाहीत.

त्यानंतर काय झाले, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून का जात नाही, ते आज लिहितो आहे.

ती गाडी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध मावसभावामुळे आला. दादा तेव्हा इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. 'बाहा एसएईइंडिया' नावाची एक स्पर्धा २००७ पासून आपल्या देशात होते आणि इंदूरजवळच्या पीथमपूरचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः आरेखन करून, पाइप जोडून, एका माणसाने चालवायची एटीव्ही तयार करायची असते. एटीव्ही म्हणजे खड्डे, दगड, चिखल, चढ-उतार अशा कोणत्याही वाटेवर चालणारी गाडी. शेवटची कसोटी म्हणजे चार तासांची शर्यत. गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती चार तास एकसंध राहते का, हे तिथे पाहिले जाते.

या स्पर्धेत गाडीच्या खर्चाचा अहवालही द्यावा लागतो. त्या हिशेबात मदत करायला दादाने मला बोलावले. हळूहळू मी बिलांच्या फायलींबरोबर तपासणीचा कागदही सांभाळू लागलो. सरावाआधी एकेक गोष्ट मोठ्याने वाचायची, मुलांनी 'हो' म्हणायचे आणि मी समोर टिक करायची. तळाशी सही माझी.

आयुधपूजेच्या आदल्या रात्री मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलले होते. ठरलेल्या जोराने नट आवळण्यासाठी टॉर्क रेंच लागतो. तो त्या रात्री दुसऱ्या संघाकडे होता. म्हणून साध्या पान्याने नट बसवून ठेवला. नटातून आरपार घालायची स्प्लिट पिन शेवटच्या आवळणीनंतर घालतात, म्हणून तीही राहिली. "पूजा झाली की पुरं करू," असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे झेंडू आणायला गेले.

पूजा झाली. दसरा झाला. त्यानंतरच्या सकाळी आम्ही कनकपुरा रस्त्याच्या बाजूला, शहराबाहेरच्या एका मोकळ्या माळावर सरावाला गेलो. मी कागद वाचू लागलो. "मागचे ॲक्सल नट?" गाडीच्या डाव्या बाजूला बसलेला मुलगा म्हणाला, "हो, झालं." तो डाव्या चाकाबद्दल बोलत होता. मी दोन्ही चाकांसमोर टिक केली.

वीस-एक मिनिटे गाडी छान पळाली. मग एका वळणावर मागचे उजवे चाक आपल्या हबसकट बाहेर आले. गाडीचा तो कोपरा जमिनीवर आदळला आणि गाडी लाल मातीत गर्रकन फिरली. दादा पट्ट्यांनी बांधलेला होता, भोवती पाइपांचा पिंजरा होता; खांद्याला मुका मार बसला, एवढेच. पण सुटलेले चाक थांबले नाही. ते उतारावरून उड्या मारत गेले. खाली एक आजी शेळ्या चारत होत्या. त्यांच्यापासून चार-पाच हातांवरून ते चाक गेले आणि एका निलगिरीच्या झाडावर आपटले.

आम्ही धावत त्यांच्याकडे गेलो. आम्ही काही बोलण्याआधी त्यांनीच कन्नडमध्ये विचारले, "आतल्या पोराला लागलं नाही ना?"

माझ्या हातात तो कागद होता. सगळ्या टिका केलेला, खाली सही असलेला.

नट सैल का होतो?

पुढच्या आठवड्यात मी दादाला विचारले, "एकदा आवळलेला नट आपोआप सुटतोच कसा?" त्याने जे सांगितले, ते मला अजून पुरते.

नट आवळला की ज्या दांड्यावर तो बसतो तो दांडा किंचित ताणला जातो, ताणलेल्या रबरासारखा. त्या ताणामुळे नट, चाकाचा हब आणि दांडा एकमेकांना घट्ट दाबून धरतात. नटाला धरून ठेवणारे दुसरे काही नसते. असते ते त्या दाबातून येणारे घर्षण. गंमत अशी की आपण पान्यावर जो जोर लावतो, त्यातला साधारण ५० टक्के नटाच्या बुडाशी घासण्यात आणि ४० टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो. खरा ताण निर्माण करायला जेमतेम १० टक्के जोर उरतो. म्हणून हाताला घट्ट वाटलेला नट खरोखर घट्ट असतोच असे नाही.

१९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की नट सैल होण्याचे मुख्य कारण आडवे हादरे हे असते. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे, अगदी केसभर सरकू लागले की त्या क्षणापुरते घर्षण हरवते आणि नट कणाकणाने उलटा फिरतो. एटीव्हीच्या मागच्या आसावर हेच सतत चालू असते. इंजिनचा जोर तिथेच, ब्रेकचा ओढा तिथेच, दगडांचे धक्केही तिथेच. एक धक्का या बाजूने, दुसरा त्या बाजूने.

म्हणून नटाला सोबती देतात. काही एटीव्हींच्या मागच्या आसावर दोन मोठे नट शेजारी शेजारी असतात. पहिला आवळून धरायचा आणि दुसरा त्याच्यावर कसायचा, म्हणजे दोघे एकमेकांना अडवून धरतात. आमच्या गाडीत किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेला नट होता आणि त्या खाचांतून, दांड्याच्या भोकातून आरपार जाणारी स्प्लिट पिन. नट सैल झाला तरी पिन त्याला निखळू देत नाही. ही पिन काही रुपयांची असते आणि प्रत्येक वेळी नवी घालायची असते.

शिवाय नवा भाग बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावा लागतो. कारण नवे पृष्ठभाग एकमेकांत थोडे बसतात, दबतात आणि ताण कमी होतो. हे ऐकताना मला माझे संकल्प आठवले. पहाटे उठण्याचा, बसून ध्यान करण्याचा संकल्प महिन्यांनी मोडत नाही; तो पहिल्या काही दिवसांतच सैल होतो. आणि 'मी घट्ट आवळला आहे' या समाधानात आपण पुन्हा हात लावून पाहत नाही.

मी खोटे बोललो का?

आता माझा प्रश्न. मी टिक केली तेव्हा मला मनापासून वाटत होते की नट घट्ट आहे. मला कोणाला फसवायचे नव्हते. उलट दोन दिवस आधी मी त्याच नटाला कुंकू लावले होते. मग माझा अपराध काय? हेतू शुद्ध असेल तर माणूस निर्दोष असतो, असे आपण किती सहज म्हणतो!

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये 'श्रद्धेची नीती' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. जहाज जुने झालेले आहे, शंका घ्यायला जागा आहे. पण मालक स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, परमेश्वर देश सोडून निघालेल्या या कुटुंबांना सांभाळील, जहाज बांधणाऱ्या लोकांवर संशय घेणे बरे नाही. हळूहळू त्याला खरोखरच खात्री वाटू लागते. जहाज बुडते, माणसे मरतात. क्लिफर्ड म्हणतो की त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे, पण हाती असलेल्या पुराव्यावर असा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. तो विश्वास शोध घेऊन मिळवलेला नव्हता; शंका गिळून मिळवलेला होता.

पुढे क्लिफर्ड विचारतो: समजा, जहाज सुखरूप पोहोचले असते तर? आणि उत्तर देतो, तरीही मालक तितकाच दोषी. फक्त त्याचा दोष उघडकीला आला नसता.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते निलगिरीचे झाड आले. चाक चार हात डावीकडून गेले असते तर मी आज हा लेख लिहू शकलो नसतो. ते उजवीकडून गेले, म्हणून ही एक 'गोष्ट' झाली. पण माझी टिक दोन्ही प्रसंगी तीच होती. ते चार हात माझे पुण्य नव्हते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. परिणाम काय होईल, कोणाची हानी होईल, कोणाला इजा होईल, आपली कुवत किती, याचा विचार न करता मोहाने सुरू केलेल्या कर्माला तिथे तामस म्हटले आहे. तामस म्हटले की आपल्याला क्रूर, दुष्ट माणूस आठवतो. पण त्या वर्णनात दुष्ट हेतूचा उल्लेखच नाही. आहे तो न पाहण्याचा. हसतमुखाने, गळ्यात झेंडूची माळ घालूनही तामस कर्म होऊ शकते, हे मला त्या माळावर कळले.

मग सगळेच तपासत बसायचे का?

माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी इथे हात वर करतो. असे म्हटले तर जगणेच अशक्य होईल. मी बसमध्ये बसतो तेव्हा चाकांचे नट तपासतो का? औषध घेताना कारखाना पाहून येतो का?

आम्हाला लेखापरीक्षणात १८९६ चा किंग्स्टन कॉटन मिल खटला शिकवतात. गिरणीच्या व्यवस्थापकाने मालाचा साठा फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विसंबून ताळेबंद मान्य केला होता. न्यायालयाने त्यांना दोषी धरले नाही. लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे त्याच निकालातले प्रसिद्ध सूत्र. संशयाला जागा नसेल तर कंपनीच्या विश्वासू नोकराच्या शब्दावर विश्वास ठेवायला त्याला हरकत नाही.

म्हणजे एका बाजूला क्लिफर्ड म्हणतो, न पाहता विश्वास ठेवू नका. दुसऱ्या बाजूला न्यायालय म्हणते, विश्वासाशिवाय व्यवहार चालत नाही. दोघांचेही म्हणणे खरे वाटते. मग रेषा कुठे ओढायची?

खूप विचार केल्यावर मला तीन खुणा सापडल्या. पहिली: चूक झाली तर किंमत कोण मोजणार? ती मीच मोजणार असेन तर मी थोडा धोका पत्करू शकतो. पण गाडीत दादा होता आणि माळावर त्या आजी होत्या, ज्यांना आमची स्पर्धा काय हेसुद्धा माहीत नव्हते. दुसऱ्याच्या जिवावर विश्वास ठेवण्याची उदारता मला दाखवता येत नाही. दुसरी: पाहणे माझ्या हातात होते का? बसचे नट मी पाहू शकत नाही, ते पाहण्यासाठी कोणीतरी नेमलेले असते. इथे मला फक्त गाडीला वळसा घालून पाच पावले चालायचे होते. आणि तिसरी: मी नाव कशावर लावले? 'त्याने झाले असे सांगितले' असे मी लिहिले असते तर ते खरे होते. पण माझी टिक म्हणत होती, 'मी पाहिले.' मी पाहिले नव्हते. तेव्हा खोटे कुठे होते याचे उत्तर मला मिळाले. नटाबद्दल माझी चूक झाली. स्वतःबद्दल मी खोटे लिहिले.

त्या संध्याकाळी मी सगळ्या संघासमोर हे सांगितले. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "चूक तुझी एकट्याची नाही. रात्री पिन न घालता उठलो ते आम्ही. पण टिक तुझी होती." त्याने मला रागावले असते तर बरे वाटले असते.

श्रद्धा आणि तपासणी

अध्यात्माच्या वाटेवर चालणाऱ्यांपुढे हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. सेवेत आपण एकमेकांना 'भाऊ', 'ताई' म्हणतो. अशा ठिकाणी दुसऱ्याचे काम पुन्हा तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटते. आणि 'तो आहे ना पाहणारा' असे वर बोट दाखवून म्हटले की मन हलके होते.

मी भाषांतराची सेवा करतो तिथलाच अनुभव सांगतो. एका सूचनेचे भाषांतर करताना 'नियमित औषधे घेणाऱ्यांनी उपवास करू नये' या वाक्यातला 'नये' माझ्याकडून 'वा' झाला होता. वाचून पाहणाऱ्या ताईंनी तो पकडला. त्यांनी मूळ वाक्य समोर ठेवून प्रत्येक ओळ वाचली होती. मला त्यात अविश्वास दिसला नाही. त्यांना मी कळत होतो, म्हणून त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. आणि वाचणारे अनोळखी लोकही त्यांना दिसत होते, म्हणून त्यांनी ओळ सोडली नाही. दोन नट एकमेकांवर कसतात तेव्हा एक दुसऱ्याचा शत्रू नसतो.

समर्थ रामदासांनी दासबोधात हरिकथेला पहिले स्थान दिले आहे, पण तिसऱ्या क्रमांकावर सर्व बाबतींतले सावधपण ठेवले आहे आणि त्यानंतर साक्षेप, म्हणजे चिकाटीचा उद्योग. हरिकथा असेल तर सावधपणाची गरज नाही, असे ते म्हणत नाहीत.

आणि कैकेयीची ती गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच असते. युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ गेली, तेव्हा तिने तिथे आपला हात घातला आणि रथ सावरला. मूळ वाल्मीकी रामायणात हा प्रसंग असा नाही, तो नंतरच्या रामायणकथांत येतो. पण लोकांच्या मनात हीच गोष्ट घर करून आहे. तिच्या शौर्याबद्दल तिला दोन वर मिळाले आणि पुढचे सारे रामायण घडले. युद्धात खीळ मोडणे कोणाच्या हातात नसते. पण मला वाटते, ज्या सारथ्याने रोज पहाटे खीळ पाहिली आणि रथ सुखरूप परत आणला, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. निखळलेले सावरले की पराक्रम होतो. निखळू दिले नाही तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला वर कोण देणार? ज्या कर्माचे फळ डोळ्यांना दिसतच नाही, ते मन लावून करणे, निष्काम कर्माचा याहून साधा सराव मला अजून सापडलेला नाही.

पिवळी रेघ

अपघातानंतर आम्ही गाडी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या कन्नड मेकॅनिक काकांनी नट नीट आवळला, नवी पिन घालून तिची टोके वाकवली आणि मग पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी दांड्यावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी उत्साहाने म्हणालो, "आता मी रोज मुलांना विचारीन." ते म्हणाले, "हेळबेड, नोडु." बोलू नकोस, बघ.

मी हे शब्द भाषांतराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. आता कोणत्याही गोष्टीवर सही करण्याआधी एक श्वास थांबतो आणि स्वतःला विचारतो, हे मी पाहिले आहे की ऐकले आहे? ऐकले असेल तर 'ऐकले' असे लिहितो. आपणही आठवडाभर हे करून पाहा: घरी गॅस बंद केला का, आईची गोळी दिली का, सेवेच्या पैशांचा हिशेब जुळला का. 'हो' म्हणण्याआधी पाच पावले चालून बघा. बऱ्याचदा सगळे ठीकच असेल. ते चालणे तरीही वाया जाणार नाही.

यंदाच्या सुट्टीत निपाणीजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. गोठ्यामागे आबांची जुनी बैलगाडी आहे, आता नुसती पडून असते. मी लहान असताना तंबाखू भरलेल्या त्या गाडीवर बसण्याआधी आबा दोन्ही चाकांपाशी जायचे, आसाच्या टोकाला हात लावायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. मला वाटायचे, ते गाडीला नमस्कार करतात. या वेळी मी तिथे वाकून आसाच्या टोकाला हात लावला, तेव्हा बोटांना लागली ती खीळ. तिचे डोके एका बाजूने झिजून गुळगुळीत झाले होते, अंगठ्याने रोज दाबून दाबून.

नमस्कार तर ते करतच होते. पण आधी खीळ दाबून बघत होते.